मला पहिलं वाचू नका

मी ‘खेचरगड’ या विनोदी मालिकेचा पहिला भाग बोलतोय, आणि आल्या आल्या एकच विनंती करतो: मला पहिलं वाचू नका.

माझ्या मागे तेवीस भावंडं आहेत. खेचरगडात राजा निवडायचं काम एक जादूचं खेचर करतं. ज्याला लाथ बसेल तो राजा. म्हणून निवडीच्या दिवशी तिथले सगळे शहाणे लोक परगावी जातात. कल्पना झकास आहे. पण लेखकाला ती सुचली तोवर माझी निम्मी पानं लिहून झाली होती. त्या पानांत मी वंशावळ सांगतो, नद्या सांगतो, किल्ल्याचे दरवाजे मोजतो. लेखक माझ्यावर हात बसवत होता. तो खरा बसला सातव्या भागात.

समुद्रपूरच्या वाचनालयात आम्ही सगळे एका फळीवर आलो. ग्रंथपाल प्रभाकरराव शिस्तीचे. मागचा भाग वाचल्याशिवाय पुढचा मिळणार नाही, हा त्यांचा नियम. आणि वाचला की नाही हे ते तीन प्रश्न विचारून ठरवत. करमणुकीसाठी आलेल्या माणसाची तोंडी परीक्षा घेणारं दुसरं वाचनालय मी ऐकलेलं नाही.

मग काय, जो तो मलाच नेई आणि चार दिवसांनी ‘अर्धंच झालं’ म्हणत परत आणी. माझी शिवण सुटली, कोपरे मऊ पडले. भावंडांची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली. माणसांचं मला नवल वाटतं. सिनेमा मधूनच बघतात, लग्नाला थेट पंगतीच्या वेळी जातात, पण पुस्तक हातात आलं की यांना पहिल्या पानापासूनच हवं.

यंदा उन्हाळ्यात समितीनं ठरवलं की स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना जागा हवी. खेचरगडचा दुसरा भागही कोणी नेत नसेल, तर दिवाळीच्या साफसफाईत संच रद्दीत जाईल. माझ्या एकट्याच्या कंटाळवाणेपणापायी तेवीस निरपराध कागदाच्या लगद्यात जाणार होते.

त्याच आठवड्यात दीपमाला आली. एसटीत कंडक्टर. तिचे वडील हरिदासजी, निवृत्त तलाठी, खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले होते आणि घरात कुणाशी धड बोलत नव्हते. त्यांच्यासाठी काही हसायचं तिला हवं होतं. सुरुवात कुठून करायची, असं तिनं विचारलं. प्रभाकररावांनी अर्थातच मला पुढे केलं. मी फळीवरून ओरडलोच असतो, पण पुस्तकाला उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

हरिदासजींनी अडतीस पानं सोसली. मग चष्मा काढून म्हणाले, “माय वं, हे पुस्तक हाय का सातबारा? निस्ती नावंच नावं हायेत.”

त्यानंतर मी पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून राहिलो. तेवढंच उपयोगी पडलो.

दीपमाला मला परत घेऊन आली आणि सरळ सातवा भाग मागू लागली. फळीपाशी उभ्या उभ्या तो चाळून बघितला तेव्हा तिला तिथल्या तिथं हसू फुटलं होतं. प्रभाकरराव म्हणाले, नियम म्हणजे नियम. रोगी खाटेवर असेल तर परीक्षा फोनवर होईल. फोन लावला. राजाचा पणजोबा कोण, किल्ल्याला दरवाजे किती, प्रधानाला टक्कल कशानं पडलं? हरिदासजींनी तिन्ही उत्तरं खाडखाड दिली आणि फोन आपटला.

“पास,” प्रभाकरराव म्हणाले आणि दुसरा भाग काढू लागले.

दीपमाला हलली नाही. “काका, बाबा अडतिसाव्या पानावरच थांबले. तरी तुमचे तिन्ही प्रश्न त्याइले आले. पुढचं काईच काऊन नाई इचारलं तुम्ही?”

मला हे केव्हाचं ठाऊक होतं. माझ्या अडतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता, तो प्रभाकररावांनीच.

त्यांनी चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला. “पोरी, तिथून पुढं मलेच जमलं नाई,” असं पुटपुटत त्यांनी सातवा भाग तिच्या हातात ठेवला.

त्या दिवसापासून परीक्षा बंद झाली. हरिदासजी इतके हसले, की खुबा दुखतो म्हणून दीपमालाला पुस्तक काढून घ्यावं लागलं. तिच्या डेपोतल्या लोकांनी नववा, पंधरावा, जो हाताला लागेल तो नेला आणि कुणाचंही काही अडलं नाही. बारावा भाग बरेच दिवस दिसेना; तो प्रभाकररावांच्या पिशवीत सापडला. दिवाळीत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं खिडकीतल्या नव्या फळीवर गेली. मला कुणी हात लावला नाही. इतकी सुखाची धूळ माझ्यावर कधी बसली नव्हती.

परवा हरिदासजी काठी टेकत स्वतः आले. बाकीचे तेवीस वाचून झाले होते. “आता थो पयला द्या,” म्हणाले, “सुरुवात कशी झाली थे पाहू.”

घरी त्यांनी दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला आणि तिथून पुढे वाचू लागले. त्रेचाळिसाव्या पानावर त्यांना डुलकी लागली. मी आहे तसाच आहे, त्याला इलाज नाही. पण या खेपेला मी तांब्यावर नव्हतो, त्यांच्या छातीवर होतो.

तेव्हा तुम्हीही यायचं तर असेच या. सगळ्यांना भेटून, सावकाश, शेवटी.