चहातली गोळी

माझी बायको कुशाबाई हट्टी, आणि मी तिच्याहून हट्टी. शुगर निघाल्यापासून गोळीवरून आमची रोज जुंपायची. संकष्टीला ती चंद्र उगवेपर्यंत नुसत्या बिनसाखरेच्या चहावर राहायची आणि त्या दिवशी गोळीला शिवायचीसुद्धा नाही.

"उपास हाय. आज औषिद न्हाय," म्हणाली की विषय संपला.

फाल्गुनातल्या संकष्टीला माझं डोकं फिरलं. गोळीचा खाडा झाला की शुगर वाढणार, एवढंच मला कळत होतं. ती धार काढत होती तेवढ्यात मी गोळी चमच्याखाली चुरली आणि तिच्या चहात ढवळली. ती चहा प्यायली. कशी जिरवली, म्हणून मी दुपारपर्यंत मनात हसत होतो.

दुपारी ती गोठ्यात पडली. अंग घामानं चिंब, बोलणं असंबद्ध. आमच्या पोरानं, गोकुळनं, तिला गाडीत घालून बारामतीला नेली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

सलाईन लागल्यावर ती शुद्धीवर आली. डॉक्टरनं विचारलं, "आजी, आज शुगरची गोळी घेतली होती का?"

"न्हाय वं. उपासाला मी घेतच न्हाय. इचारा ह्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"न्हाय घेतली," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "साखर फार उतरली होती. उपाशीपोटी गोळी गेली की असं होतं, म्हणून विचारलं."

ऑपरेशन झालं, पण सहा महिन्यांत ती एकदाही उभी राहिली नाही. पाय आधीच बधिर होते. आता चालणं होणार नाही, असं डॉक्टरनं सांगून टाकलंय. सून धार काढते तेव्हा ही खाटेवरून म्हशीला नावानं हाका मारते. मला ते ऐकवत नाही. रोज ठरवतो, आज सांगायचं. मी भेकड आहे.

आज संकष्टी. मी बिनसाखरेचा चहा घेऊन गेलो, तर म्हणाली, "भाकरी आणा आन् गोळी. उपास सोडला म्या."

"अगं, लग्नाआधीपासनं धरतीस तू."

"त्या दिशी तुमचं ऐकून गोळी घेतली असती, तर पडली नसती. माझीच चूक झाली."

मी भाकरी दुधात कुस्करून तिला भरवली. मग गोळी पुढं केली. तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. तिला सांगितलं नाही, आणि आता सांगणारही नाही.