ऑक्टोबरची छाटणी

१९९८ साल. ओझरच्या विमान कारखान्यात वत्सलाबाईचा नवरा लहानू फिटर होता आणि तिच्या परसात तेव्हा पावसाळा सरता सरता सीताफळं, थंडीत पेरू, उन्हाळ्यात आंबे आणि काजू असं काही ना काही असायचंच. हरसूलच्या बाजारातून रोप म्हणून आणलेल्या काजूलासुद्धा बिया धरल्या होत्या. फळत नव्हता तो एकटा मांडवावरचा द्राक्षवेल. चार वर्षं नुसती पानं. पहिला घड बुद्धविहारात वाहायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं आणि शेजारणी येता-जाता विचारायच्या, "मांडव कोणाच्या लग्नाचा, वत्सलाबाई?"

त्या आषाढापासून तिचा धाकटा भाऊ भिका तिच्याकडेच राहत होता. दारूपायी त्याची बायको मैना लेकीला, पल्लवीला, घेऊन सायखेड्याला माहेरी गेली होती. संक्रांतीपर्यंत थेंबही घेतला नाहीत तर परत येईन, असं सांगून. भिकानं ते मनावर घेतलं. दिवसा कारभारी नाना यांच्या द्राक्षमळ्यात छाटणीला जायचा आणि संध्याकाळी बहिणीच्या परसात आळी करायचा. चार महिने झाले होते. वत्सलाबाई रोज त्याचं तोंड हुंगायची.

"आक्का, पोलीस तरी बरे," तो म्हणायचा.

दारू सुटली तशी त्याची भूक गेली होती. म्हणून ती त्याला रोज जेवणाआधी दोन चमचे द्राक्षासव द्यायची. मनुका, गूळ आणि धायटीची फुलं बरणीत घालायची आणि बरणी महिनाभर गव्हाच्या कोठीत पुरून ठेवायची, हे ती सासूकडून शिकली होती. बाळंतिणीलाही तेच द्यायचे. औषधच ते.

ऑक्टोबरात भिकानं घरचा वेल छाटला. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर दोन दिवसांत त्यांना रसायनाची पेस्ट लावतात. दुसऱ्या दिवशी तो मळ्यातली उरलेली पेस्ट डब्यातून घेऊन आला.

"हातमोजे मळ्यातच राह्यले. उद्या लावतो."

"उद्या? मग परत वर्षभर पानं मोजत बसू का? फडक्यानं लाव की."

"नाना म्हणतो, जहर हाय."

"नाना मजुरांना भिववतोच. आण, मीच लावते."

"बस तू. तुझा वेल लय नखरेल हाय, आक्का."

"मामावर गेलाय," लहानू ओट्यावरून म्हणाला आणि तिघं हसली.

भिकानं उघड्या हातांनी सगळा मांडव पुसून काढला. मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत आले. हातपाय धुऊन तो बसला तेव्हा दमलेला दिसत होता, म्हणून वत्सलाबाईनं त्या दिवशी दोन चमचे नाही, अर्धा पेला आसव दिलं. त्यानं ते एका दमात घेतलं.

भाकरीचा दुसरा तुकडा तोंडात जायच्या आत त्याचा चेहरा लालभडक झाला. मग मान, मग छाती. "आक्का, दम लागतोय गं," म्हणाला आणि ताटावरच कलंडला.

नाशिकला दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. तरुण डॉक्टरानं वाकून त्याचं तोंड हुंगलं.

"प्यायलेत का?"

"नाही हो!"

"मावशी, वास येतोय."

मागून धावत आलेल्या कारभारी नानांनी कपाळावर हात मारला. "पेस्टीत हात घातल्यावर आठ दिवस घोटसुद्धा घ्यायचा नाही, घेतला तर माणूस जातो, बजावलं होतं याला!"

आसव आंबताना बरणीवर येणारा फेस, झाकण काढल्यावर नाकात चढणारा तो उग्र दर्प वत्सलाबाईला आठवला. आपण त्याला काय पाजलं ते तिला तिथं, त्या व्हरांड्यात कळलं. आसवाचं तिनं डॉक्टरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तो वाचला असता की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी भिका गेला.

मैना आली. उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "आक्का, खरं सांगा. प्याले होते?"

लहानू बायकोकडे पाहू लागला.

"माझ्या डोळ्यांदेखत दारू नाही घेतली," वत्सलाबाई म्हणाली.

मैनानं ऐकायचं ते ऐकलं. संध्याकाळच्या एसटीनं लेकीला घेऊन गेली. नवऱ्याच्या जलदानविधीलाही फिरकली नाही.

फेब्रुवारीत वेल घडांनी वाकला. विहारात एकही घड गेला नाही. पाखरांनी खाल्ला तेवढा खाल्ला.

लहानू २००३ मध्ये झोपेतच गेला. त्याला शेवटपर्यंत मेव्हणा लपूनछपून पीत होता असंच वाटत होतं. कारभारी नानांनी मळा विकला आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. मैना सायखेड्याला अंगणवाडीत मदतनीस झाली. २००६ साली वत्सलाबाई तिच्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. मैना तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"आठ वर्षं पोरीला सांगत आले, तुझा बाप दारूनं मेला. आता काय सांगू?"

तिनं पल्लवीला सांगितलं की नाही, हे वत्सलाबाईला कधी कळलं नाही. पल्लवी नर्स झाली, नाशिकलाच लागली. तिच्या लग्नाची पत्रिका ओझरला आली नाही. वत्सलाबाई अजून आहे. त्याच घरात, एकटी.