मेन बंद होता

काशीरामने टेबलावर चढून छताच्या पंख्याची तारा झाकणारी वाटी सरकवली आणि पडवीत मेनपाशी उभ्या असलेल्या बायकोला विचारले,

"बंद केलंस?"

"केलंय," पद्मावती म्हणाली.

त्याने वाटीच्या आत बोटे घातली. पुढच्याच क्षणी तो कुणी ढकलून दिल्यासारखा जमिनीवर येऊन आदळला.

खाटेवरून त्याचे वडील, म्हातारे विठोबा, हाक मारू पाहत होते. पण दम्याने आवाज फुटेना. पंखा त्यांच्यासाठीच मुंबईहून आणला होता. त्रेसष्ट सालचा तो वैशाख. झावळीही हलत नव्हती, आणि नेमका सकाळपासून पंखा लावला की नुसता घुमे. पाती फिरत नसत.

पद्मावती धावत आत आली. काशीराम शुद्धीवर होता. उजवा हात पोटाशी धरून तो तिच्याकडे बघत होता. तिने त्याला उठवायला हात पुढे केला, तसा तो बसल्या जागीच मागे सरकला.

ती नजर तिला कळली. आदल्या संध्याकाळी कुणकेश्वरला माहेरी जाण्यावरून भांडण झाले होते आणि त्याने तिला मारले होते.

ती पुन्हा पडवीत गेली. मेनचा दांडा खालीच, म्हणजे बंद होता. पण आपण तो कधी खाली ओढला? "केलंय" म्हणण्याआधी, की तो पडल्याचा आवाज ऐकल्यावर? तिला आठवेना.

त्यानंतर काशीराम तिच्या हातचे जेवला नाही. पोट बिघडल्याचे सांगून शहाळ्यांवर राहिला, आणि ती शहाळीही तो स्वतःच सोलत असे. ती चुलीपुढे बसून तोच क्षण परत परत आठवी, हवेत हाताने दांडा ओढून बघे. दर खेपेला खात्री थोडी कमीच होई. दारावरून कुणी खाकी कपड्यातला गेला तरी पोलीस समजून ती दाराआड होई.

शेवटी सावंतवाडीहून शंकर वायरमन आला. आतली तार सुटली होती, ती त्याने जोडली. मग तिथली पत्र्याची डबी काढून क्षणभर विजेला लावली, बाजूला घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांवर पेचकस टेकवला. कडकन ठिणगी उडाली.

"मेन बंद केलो तरी ह्या कंडेन्सरात वीज रवता," तो काशीरामला म्हणाला. "तोच झटको तुमका बसलो."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली पद्मावती भिंतीला धरून खाली बसली.

दुपारी पंखा फिरू लागला. विठोबांचा श्वास सावरला, डोळा लागला. काशीराम आत आला, स्वतःच पाट ओढून बसला आणि त्याने भात वाढायला सांगितले. तिने वाढला. तो ओशाळून हसला.

"माका वाटला..." एवढेच बोलून तो थांबला.

पद्मावतीने आमटीचा डाव भांड्यात ठेवला.

"माका पण तसाच वाटलेला," ती म्हणाली.

काशीरामने उचललेला घास हातातच राहिला.