खडूतला तम्मूज

पाथरवटानं छिन्नी टेकवली, एवढ्यात मास्तरांनी काठी दगडावर आडवी घातली.

"थांबा. हा शब्द नाही कोरायचा."

मास्तरांच्या बायकोचं नाव कोरून झालं होतं. महिना तेवढा अजून खडूतच होता: तम्मूज. रिवाजाप्रमाणे वर्षाच्या आत कबरीवर दगड उभा राहायला हवा होता आणि वर्ष तर भरत आलं होतं. लेकीनं कपाळाला हात लावला.

"बाबा, आई तम्मूजमध्ये गेली. मग दुसरं काय लिहिणार?"

"चौथा महिना. आपल्या ज्यू पंचांगात पूर्वी बहुतेक महिन्यांना नुसते आकडेच होते. ही नावं आपले लोक बॅबिलोनच्या बंदिवासातून घेऊन आले. त्यातला तम्मूज तर तिथला देव. परक्या देवाचं नाव तिच्या उशाशी?"

जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस, घरातही वर्ग सुटायचा नाही. बायको गेल्यापासून तर त्यांना सगळ्यातच चुका दिसत होत्या. रडले मात्र एकदाही नव्हते.

"आमच्या अरबीतही जुलैला तम्मूजच म्हणतात," पाथरवट म्हणाला. "माझ्या आईच्या दगडावर मीच कोरलाय."

"तुमचं ठीक आहे हो."

"आईचं माहेरही अरबी मुलखातलंच होतं," लेक म्हणाली. "उन्हाळ्यात पडदे ओढताना काय म्हणायची, आठवतं?"

मास्तरांना आठवत कसं नव्हतं? 'अहो, तम्मूज आला,' म्हणायची. 'अगं, तो देव आहे, आणि आपला नव्हे,' हे दर वर्षी. 'असू दे की. दारात आलाय, पाणी तरी विचारा.' मग स्वतःच हसत सुटायची, आणि मास्तर वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे. एकदा हसलो असतो तर काय बिघडलं असतं, हे त्यांना आता रोज वाटायचं.

पाथरवटानं निमूटपणे बादलीत फडकं भिजवलं आणि पुसायला घेतलं. पहिलं अक्षर गेलं.

"राहू द्या."

मास्तर गुडघे धरत खाली बसले. त्यांनी खडू मागून घेतला आणि पुसलेलं अक्षर पुन्हा काढलं. अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

"आता कोरा," ते म्हणाले. मग लेकीकडे न बघताच, "यांना आधी पाणी दे गं. तम्मूज आलाय."