बाबांच्या गाण्याची वेळ

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एका खोकल्याची गोष्ट सांगतो, आणि रडवणार नाही, हा शब्द.

एका घरी एक म्हातारे बाबा होते. पहाटे उठायचं, खिडकी सताड उघडायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि खड्या आवाजात देवाचं नाव गायचं, हा त्यांचा नेम. पण थंडी पडली आणि नामाच्या मधेच खोकल्याची उबळ घुसू लागली. डॉक्टर म्हणाले, "कारण शोधा, नाहीतर गाणं बंद." बाबांचा चेहरा एवढासा झाला. गाण्यावाचून त्यांचा दिवस उजाडायचा तरी कसा?

"तुझ्या फोडणीचा ठसका आहे हा," ते सुनेला म्हणाले.

सुनेला ते झोंबलं. "पहाटे कोण फोडणी घालतं, बाबा? थांबा, हवेलाच विचारते."

चौकातल्या इमारतीच्या गच्चीवर हवेतला धूर मोजणारं सरकारी यंत्र होतं. त्याचे तासातासाचे आकडे इंटरनेटवर कुणालाही बघता यायचे. सुनेने ते उतरवून घेतले, आलेख काढला. धुराचा डोंगर मध्यरात्री, आणि पहाट अगदी लख्ख!

"बघ, सरकारसुद्धा माझ्या बाजूने!" म्हणत बाबा दुसऱ्या दिवशी दुप्पट जोराने गायले. खोकलेही दुप्पट.

सून चक्रावली. दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने पुन्हा ते पान उघडलं. सर्वांत ताजा आकडा, तोही सकाळचा! "झोपलंय की काय यंत्र?" पुटपुटत तिने पान खाली सरकवलं, तर तळाशी बारीक अक्षरांत ओळ: सर्व वेळा जागतिक घड्याळाप्रमाणे. आणि ते घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे! तिने कपाळावर हात मारला. तास पुढे सरकवले, तसा धुराचा डोंगर नेमका पहाटेवर येऊन बसला. खिडकीखालच्या आगारात बसगाड्या तेव्हाच इंजिनं तापवत उभ्या असायच्या, आणि थंडीत धूर वर जाता जात नसे. दुपार मात्र निवळलेली.

"बाबा, वेळ वाचण्यात मी चुकले. पहाटे खिडकी बंद. आता दुपारी गा."

"दुपारी? आणि देव आडवा झाला असला तर?"

"मग उठवा की! आम्हाला नाही का रोज उठवत?"

बाबा हसत सुटले. हसताना खोकलेही, पण सुनेचं ऐकलं. हळूहळू उबळ ओसरली. डॉक्टरांनी छाती तपासून मान डोलावली, "चालू द्या गाणं." त्या दुपारी बाबांनी असा सूर लावला, की आगारातले ड्रायव्हर डबे उघडायचे विसरले.

तेव्हा मंडळी, कधी मोकळ्या गळ्याने देवाला हाक माराल, तेव्हा त्या गच्चीवर चढून यंत्राची धूळ पुसणारा जो कुणी असेल, त्याची आठवण ठेवा.