यादीबाहेरची वीटभट्टी

सात महिने आमच्या उम्म सिदर गावात धान्याचा एकही ट्रक आला नव्हता. गाव सैन्याच्या ताब्यात, गावाबाहेरचा रस्ता बंडखोरांच्या ताब्यात, आणि एकमेकांची जिरवायची म्हणून दोघंही धान्य अडवायचे. घरातली ज्वारी संपली, मग बियाण्याची संपली. शेवटी तेलघाण्यावरची शेंगदाण्याची पेंड आम्ही भिजवून खाऊ लागलो. पूर्वी ती गाढवांपुढे टाकायचो. आता गाढवंही राहिली नव्हती.

मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडल्यावर तिच्या आवारात, चिंचेखाली, कल्तुमाखालाने चूल मांडली. युद्धाआधी ती बसथांब्यावर चहा विकायची. जीभ तिखट, पण हात सढळ. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणायचं, एका पातेल्यात शिजवायचं आणि सगळ्यांनी खायचं, एवढाच तिचा नियम. गावातले यायचे, तसे गावाच्या कडेला वीटभट्टीवर आसरा घेतलेलेही यायचे. ती माणसं पलीकडच्या खेड्यांतून जीव घेऊन पळून आलेली. त्या खेड्यांत बंडखोर होते, म्हणून सैन्याचा त्यांच्यावर संशय.

अशात मदतसंस्थेचे चार ट्रक येणार अशी बातमी आली. आदल्या दिवशी संस्थेचे अधिकारी उस्ताद मुतासिम पोर्ट सुदानच्या मुख्य कचेरीतून पोहोचले. मृदू बोलणारा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला माणूस. माझा आवाज मोठा, म्हणून भोंग्यावरून नावं पुकारायचं काम त्यांनी मला दिलं.

यादी मी दोनदा वाचली.

"उस्ताद, यात वीटभट्टीवरचं एकही नाव नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लष्करी कचेरीची अट आहे. मान्य केली नसती, तर ट्रक नाक्यावरूनच परत गेले असते."

"मग हे लोकांना सांगायचं ना?"

"रिहाबबाई, उद्या फक्त नावं पुकारा. गडबड झाली तर कुणालाच काही मिळणार नाही."

मी मान डोलावली आणि तिथून थेट चुलीपाशी गेले. खाला पेंड कालवत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने पातेलं बाजूला सारलं आणि हात पुसले.

"माझं नाव आहे?" तिने विचारलं.

"आहे. माझंही आहे."

"छान झालं. म्हणजे आपण बोललेलं त्यांना ऐकावं लागेल. ज्यांचं नाव नाही त्यांना तर फाटकातूनच हाकलतील."

दिवस मावळेपर्यंत ती घरोघर फिरली. कुणाला शपथा घातल्या नाहीत. सगळीकडे एकच सांगितलं, "उद्या मी पोतं घेणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

सकाळी शाळेच्या मैदानात बायकांची रांग लागली. ट्रक उभे, त्यांच्या बाजूला बंदूकवाले शिपाई, आणि सावलीत खुर्ची टाकून बसलेला त्यांचा कप्तान. वीटभट्टीची माणसं फाटकाबाहेर उन्हात उभी होती. रांगेत पहिली खालाच. मी तिचं नाव पुकारलं. मुतासिमांनी शाईची डबी पुढे केली.

"खाला, इथे अंगठा."

"अंगठा मग. आधी सांग, ही यादी कुणी केली?"

ते उठून तिच्याजवळ आले. "इथे नको. तंबूत चला, तिथे बोलू."

"कानात सांगायला तू काय माझं लग्न जुळवतोयस? इथेच सांग."

रांगेत हसू फुटलं. मुतासिम गोरेमोरे झाले. टेबलाशेजारच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "तक्रार असेल तर पेटीत टाका. आम्ही प्रत्येक चिठ्ठी वाचतो."

"गेल्या वर्षी टाकली होती. या मास्तरीणबाईनेच लिहून दिली होती. उघड पेटी, वाच आत्ता."

"किल्ली... किल्ली पोर्ट सुदानला असते."

"मग पेटीपण तिकडेच ठेवायचीस! इथे नुसतं कुलूप बघायला ठेवलंय का आम्हाला?"

एवढं बोलून ती खाली मातीत बसली. तिच्या मागची बसली, तिच्या मागची बसली. बघता बघता अख्खी रांग खाली बसली. समोर ज्वारीची पोती, त्यांचा वास नाकात जातोय, आणि एकही बाई हात पुढे करत नाही.

कप्तान खुर्चीतूनच ओरडला, "दुपारपर्यंत घेतलं नाही, तर ट्रक परत जातील!"

मुतासिम मला म्हणाले, "भोंग्यावरून सांगा त्यांना."

मी भोंगा त्यांच्याच हातात दिला. "तुम्ही सांगा, उस्ताद. आणि सगळंच सांगा. माझ्या तोंडून अर्धं वदवू नका."

त्यांनी कप्तानाकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. मला वाटलं, ते भोंगा खाली ठेवतील. पण त्यांनी तो तोंडाशी धरला.

"वीटभट्टीच्या लोकांना धान्य द्यायचं नाही, अशी अट आम्हाला घातली गेली. ती आम्ही मान्य केली. तुम्हाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

"बंद कर ते!" कप्तान ताडकन उठला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि फाटकाबाहेरच्यांनीही ते ऐकलं होतं.

उन्हं चढली तशी हाजिरा उठली. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं मूल होतं, आणि तिचं दूध आटलेलं. "मला नाही जमत," ती रडत म्हणाली. कुणीतरी तिच्यावर खेकसलं.

"तिला कुणी बोलायचं नाही," खाला कडाडली. "घे पोरी, पोतं घे. पोर आधी."

हाजिराने अंगठा दिला आणि मान वर न करता पोतं ओढत घरी नेलं.

दुपारी कप्तानाने दोन ट्रक खरोखरच परत पाठवले. धूळ उडवत ते गेले, तेव्हा कितीतरी बायकांनी तोंडात पदर कोंबला. खाला मात्र उठून टेबलापाशी गेली.

"ज्यांची नावं आहेत, त्यांचं धान्य त्यांचंच ना?" तिने मुतासिमांना विचारलं.

"हो."

"मग आमच्या धान्याचं आम्ही काय करायचं, हे कुठे लिहिलंय तुमच्या यादीत?"

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "कुठेच नाही."

बायकांनी भराभर अंगठे दिले आणि पोती थेट चिंचेखाली नेली. कप्तान मागोमाग आला. "भट्टीवाल्यांना इथे जेवू घातलंत, तर चूल बंद करीन."

"कर की. पण जेवायच्या वेळेला ये," खाला म्हणाली. "उपाशी दिसतोयस."

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ज्वारीच्या पिठाचा असीदा, घट्ट उकडीसारखा, पातेल्यात रटरटला. फाटक आम्हीच उघडलं. भट्टीवरच्या बायका आत आल्या आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांनी खालाला धरून नेलं. चार दिवस ती आत होती. पातेल्यात उलथणं मी फिरवत राहिले. परत आली तेव्हा मनगट सुजलेलं होतं, आणि पहिलं वाक्य, "काय भिकार चहा करतात मेले!"

मुतासिमांनी जाण्याआधी एक कागद लिहिला होता. कोणती अट, कुणी घातली, संस्थेने ती कधी मानली, किती ट्रक परत गेले. खाली सही करून तो त्यांनी शाळेच्या भिंतीवर चिकटवला. शिपायांनी तासाभरात फाडला, पण तोवर माझ्या शाळेतल्या मुलींनी तो वह्यांत उतरवून घेतला होता. पुढे कळलं, संस्थेने त्यांना कामावरून काढलं.

त्यानंतर पाच आठवडे काही आलं नाही. दोन ट्रकांची ज्वारी तीन आठवड्यांत संपली आणि पुन्हा पेंड सुरू झाली. वीटभट्टीवरचा म्हातारा जिब्रील गेला. आमच्या गल्लीतली सकीना गेली. तिची मुलगी चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"ते दोन ट्रक परत गेले नसते, तर माझी आई जगली असती."

"जगली असती कदाचित," खाला म्हणाली. "ते जातील हे मला कळत होतं. शिव्या द्यायच्या तर दे."

मुलीने दिल्या. खालाने सगळ्या ऐकून घेतल्या. मग तिचा वाडगा भरला आणि म्हणाली, "पण मी जेवायचं आणि शेजारणीने फाटकाबाहेरून बघायचं, हे मला उद्याही जमणार नाही."

खालाला झोप लागत नसे, हे मला माहीत आहे. तरी सकाळी चूल तीच पेटवायची.

सहाव्या आठवड्यात ट्रक आले. या वेळी संस्थेने अट नाकारली होती, म्हणून ते चार दिवस नाक्यावर अडकून पडले होते. आणि शेवटी सोडले गेले. का सोडले, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर नवी अधिकारी आली, तहानी नावाची, घामाघूम झालेली बाई. हातात कोरा कागद. ती सरळ चिंचेखाली आली.

"यादी तुमच्यासमोरच करू या," ती म्हणाली. "नावं तुम्ही सांगा."

भट्टीवरच्या बायका आधीच पुढे येऊन बसल्या होत्या. खालाने तहानीला चटई दिली, पाणी दिलं.

"नावं सांगते. आधी तू सांग, मुतासिमला का काढलं?"

तहानी गडबडली. "ते... मला माहीत नाही."

"मग विचार. फोन आहे ना तुझ्याकडे? धान्य उतरेपर्यंत वेळच वेळ आहे."

तहानीने आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पिशवीतून फोन काढला.