लिथियमची रेघ

चिलीहून निघालेलं पार्सल कस्टममध्ये तीन आठवडे अडकून एकदाचं योगिनी बोरस्तेच्या हातात पडलं, तेव्हा २००४चा फेब्रुवारी संपत आला होता. ती नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि त्यातून वेळ काढून पीएच.डी. करायची. पार्सलात एकच सीडी होती. तिच्यासाठी योगिनीने दोन वर्षं लोकांची दारं ठोठावली होती.

तिचा विषय होता एक म्हातारा तारा, आपल्या सूर्याच्याही कितीतरी आधी जन्मलेला. विश्वाच्या सुरुवातीला लिथियम किती तयार झालं, याचा अंदाज अशा ताऱ्यांवरून बांधता येतो. ताऱ्याच्या उजेडातले रंग अगदी बारीक वेगळे केले की मधे काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. पण लिथियमची रेघ फार फिकट. तिच्यासाठी चिलीतली आठ मीटर आरशाची दुर्बीण आणि तिच्यावरचा वर्णपटमापकच हवा. तिथे नाशिकच्या बाईला कोण विचारतो? शेवटी हेलन नावाच्या एका परदेशी संशोधिकेने आपल्या वाट्यातला दीड तास तिच्या ताऱ्याला दिला.

दुपारी लोडशेडिंग संपल्यावर योगिनीने सीडी लावली. लोखंडाच्या, कॅल्शियमच्या रेघा सुईने ओढल्यासारख्या स्वच्छ! ती अधीरपणे लिथियमच्या जागेवर गेली आणि थबकली. तिथे काहीच नव्हतं. रेघ नाही, ताऱ्याचा उजेडही नाही, नुसती कोरी पट्टी.

संध्याकाळी नवरा सोमनाथ सातपूरच्या कारखान्यातून आला, तर ही तशीच बसलेली.

"काय झालं गं?"

"कॅमेऱ्यात दोन चिपा शेजारी शेजारी असतात. मधे जराशी फट असते. कुठला रंग कुठे पडणार, ते यंत्राच्या जुळणीवर ठरतं. माझी रेघ नेमकी त्या फटीत गेली."

"म्हणजे जिथे भोक पाडायचं, तिथेच क्लँप आला."

"हो. आणि जॉब परत मशिनवर चढणार नाही. दुर्बीण पुन्हा कोण देणार?"

पुण्याचे गाइड फोनवर भडकले. "फुकट दिलं ना, म्हणून कशीही जुळणी ठेवली त्या बाईंनी. चांगलं खरमरीत लिहा!"

योगिनीलाही तेच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेली. आपण काय मागितलं होतं ते हेलनला दाखवावं म्हणून तिने आपली जुलैमधली मेल उघडली, आणि ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. त्या दिवशी सविस्तर मेल लिहून होत आली असताना वीज गेली होती. मग लेक्चरच्या आधी दहा मिनिटांत तिने घाईघाईने ती पुन्हा टाइप केली होती. त्या घाईत जुळणीचा आकडाच राहिला होता. 'तांबड्या भागाचा वर्णपट चालेल,' एवढंच लिहिलेलं. हेलनने बिचारीने स्वतःच्या कामाची जुळणी तशीच ठेवली होती.

योगिनीला त्या कीबोर्डवर मूठ आपटावीशी वाटली. बाहेर येऊन तिने गाइडना फोन लावला.

"सर, चूक माझी आहे. आकडा मीच लिहिला नाही."

"दोन वर्षं, योगिनी," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेलनचं उत्तर समजुतीचं होतं, पण तिला पुढच्या वर्षी दुर्बिणीवर वेळच मिळाला नव्हता. योगिनीने स्वतःच्या नावाने अर्ज केला. नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. शेवटी लोखंड आणि कॅल्शियमवरच प्रबंध उभा करावा लागला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लिथियम का नाही मोजलंत?" तिने खरं ते सांगितलं. पदवी मिळाली, पण पेढे वाटताना तिचं मन त्यात नव्हतं.

२००७मध्ये तिच्या त्याच ताऱ्याचं लिथियम दुसऱ्याच एका गटाने मोजून छापलं. तिने तो लेख दोनदा वाचला.

"चुकलेत का कुठे?" सोमनाथने आशेने विचारलं.

"नाही ना! एकही चूक नाही," ती चिडून म्हणाली आणि प्रॅक्टिकलच्या जर्नल्सचा गठ्ठा पुढे ओढला.